चिमणीवरचा बहिरी ससाणा

महाविद्यालय सोडून मी नोकरीसाठी सिल्वासाला आलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. सिल्वासा (येथील लोक सेलवास म्हणतात) हे दादरा व नगर हवेलीचे मुख्य गाव. गोव्याप्रमाणेच हा मुलूखही पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पूर्वेकडे सह्याद्रीच्या रांगा, मधून वाहणारी दमणगंगा, सागाची जंगले आणि वारल्यांचे पाडे असा हा प्रदेश आहे. परंतु आज बाहेरच्या माणसाला सिल्वासा माहीत असते ते तेथील कारखान्यांमुळे. १९६५ साली पिपरिया येथे पहिली औद्योगिक वसाहत झाली. पुढे करांत सवलती मिळाल्या आणि आमली, मसाट, खडोली, नरोली अशा गावांतून कृत्रिम धागा, प्लॅस्टिक आणि तारांचे कारखाने उभे राहिले. जेथे पूर्वी ताडाची झाडे सर्वांत उंच दिसत, तेथे आता पाण्याच्या टाक्या आणि धुराडी दिसतात.

अशाच एका कारखान्यात मी काम करतो. एका हिवाळ्यात सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी आमचा पहारेकरी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, टाकीवर एक पाखरू बसतं रोज. घारीसारखं आहे, पण घार नाही. ते आलं की कबुतरं सगळी एकदम उडतात." मी बाहेर येऊन पाहिले. उंच टाकीच्या कठड्यावर एक दणकट पक्षी बसला होता. पाठ निळसर राखाडी, छाती पांढुरकी, पोटावर बारीक आडव्या रेघा, डोके काळे आणि गालावर मिशीसारखा काळा पट्टा. पंख लांब व टोकदार. पुस्तक काढून ताडून पाहिले, आणि तो बहिरी ससाणा आहे याबद्दल शंका उरली नाही.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात आमच्या कारखान्यात कबुतरांबद्दल बैठक होती. गोदामाच्या छपराखाली शेकडो कबुतरे राहात. त्यांची विष्ठा धाग्याच्या गठ्ठ्यांवर पडे व माल परत येई. बैठकीत एका गृहस्थांनी सोपा उपाय सुचविला: विषारी दाणे टाकावेत, म्हणजे चार दिवसांत प्रश्न मिटेल. पुष्कळांना तो पटलाही. मी म्हटले, मला चार दिवस द्या. त्या चार दिवसांत या पक्ष्याविषयी मी जे वाचले, आणि त्यानंतरही वाचत राहिलो, ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

बहिरी म्हणजे कोण?

प्रथम नावाविषयी. या ससाण्याला ऐकू येत नाही म्हणून तो बहिरी, असे लहानपणी मला वाटे. तसे नाही. अरबी भाषेत 'बहर' म्हणजे समुद्र. फारसीतून आलेल्या 'बहिरी' या शब्दाचा अर्थ समुद्राकडचा, असा आहे. हा पक्षी हिवाळ्यात किनाऱ्याच्या आणि मोठ्या पाणवठ्यांच्या आसपास पुष्कळदा दिसतो, तेव्हा नाव योग्यच म्हटले पाहिजे.

आपल्याकडे या जातीचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. एक हिवाळी पाहुणा. तो उत्तर ध्रुवाकडील सैबेरियाच्या उजाड प्रदेशात पिल्ले वाढवितो आणि थंडीत हजारो किलोमीटर उडून भारतात येतो. आमच्या टाकीवर बसला होता तो हा. दुसरा येथलाच रहिवासी, त्याला शाहीन म्हणतात. त्याची छाती व पोट तांबूस असते. सह्याद्रीच्या कड्यांवर आणि दक्षिणेतील डोंगरांत तो घर करतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जातीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसविले आहे.

हा पक्षी उडणारी पाखरेच पकडतो. उंचावर जाऊन पंख मिटून तो दगडासारखा खाली येतो, आणि त्या झेपेचा वेग ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक भरतो. प्राण्यांमध्ये याहून वेगवान कोणी नाही. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. काड्या गोळा करून घरटे बांधण्याची कला मात्र त्याला अवगत नाही. उंच कड्यावरच्या एखाद्या कपारीत बारीक खडी किंवा माती असली, की ती छातीने व पायांनी उकरून तो उथळ खळगा करतो आणि त्यातच तीन-चार अंडी घालतो. महिनाभर उबविल्यावर पिल्ले निघतात व सुमारे सहा आठवड्यांनी उडू लागतात. कडा, कपार आणि मूठभर खडी एवढीच त्याची गरज. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढची सर्व हकीगत तिच्याशी जोडलेली आहे.

तक्रार एक, निघाले भलतेच

१९६० च्या सुमारास इंग्लंडमधील कबुतरबाजांनी सरकारकडे तक्रार केली की, ससाणे फार माजले आहेत, शर्यतीची कबुतरे ते मारून टाकतात, तेव्हा त्यांना कायद्याने दिलेले संरक्षण काढून घ्यावे. याआधी दुसऱ्या महायुद्धात तेथील सरकारने स्वतःच शेकडो ससाणे मारविले होते, कारण लष्कराची संदेशवाहक कबुतरे त्यांच्या तावडीत सापडत. आता तक्रार आली म्हणून ससाण्यांची मोजणी करण्याचे ठरले. ते काम डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाकडे आले.

मोजणीचा निष्कर्ष तक्रारीच्या अगदी उलट निघाला. ससाणे वाढले नव्हते, ते नाहीसे होत होते. १९६३ पर्यंत त्यांची संख्या युद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती. ज्या कड्यांवर पिढ्यानपिढ्या जोड्या राहात आल्या होत्या, ते कडे ओस पडले होते. जेथे जोडी होती तेथेही पिल्ले दिसत नव्हती. उलट, घरट्यात फुटलेली अंडी सापडत. अमेरिकेतही हेच चालले होते. १९६४ साली देशाच्या पूर्व भागातील १३३ जुन्या जागा तपासण्यात आल्या. त्यांपैकी एकीतही ससाण्याचे बिऱ्हाड नव्हते.

अंडी का फुटतात, हे कोडे रॅटक्लिफ यांनी फार साध्या युक्तीने सोडविले. इंग्लंडमध्ये पक्ष्यांची अंडी जमविण्याचा छंद पूर्वीपासून होता. आतला द्रव काढून टाकलेली, तारीख-वार लिहून ठेवलेली जुनी अंडी संग्रहालयांत आणि छांदिष्टांच्या कपाटांत पडून होती. रॅटक्लिफ यांनी त्या रिकाम्या कवचांचे वजन केले, लांबी-रुंदी मोजली आणि त्यांवरून कवचाच्या जाडीचा हिशेब मांडला. अनेक दशके ही जाडी जवळजवळ सारखी होती. १९४७ च्या सुमारास ती एकदम घसरली आणि मग खालीच राहिली. १९६७ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. अंडे उबविण्यासाठी आई बसे आणि तिच्याच भाराने ते अंडे पिचे. आईच्या हातून बाळाचा घात, असा हा प्रकार होता, आणि आईला त्याची जाणीवही नव्हती.

औषध आणि विष

१९४७ च्या आसपास असे काय नवे आले? डीडीटी आले. पाऊल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली या पदार्थाचा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. महायुद्ध संपल्यावर हे औषध शेतीत सर्रास वापरले जाऊ लागले.

डीडीटीला सरसकट राक्षस ठरविणे बरोबर होणार नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले, आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. आपल्या आजी-आजोबांच्या घरांच्या भिंतींवरील ते पांढरे डाग जीव वाचविणारे होते, हे विसरता कामा नये. त्यासाठीच १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढे आपल्या महाराष्ट्रातही पनवेलजवळच्या रसायनी येथे तिच्या कारखान्यात डीडीटी तयार होऊ लागले.

अडचण निराळी होती. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. म्हणून प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर ते सहजासहजी बाहेर पडत नाही, चरबीत साठून राहते. फवारलेल्या शेतातील किड्याच्या अंगात ते अत्यल्प असते. परंतु चिमणीएवढे पाखरू असे हजारो किडे खाते, आणि ससाणा अशी शेकडो पाखरे खातो. प्रत्येक पायरीवर विषाची गोळाबेरीज होत जाते आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसलेल्याच्या पदरात सर्वांत मोठी रक्कम पडते. सावकारी व्याजासारखा हा हिशेब आहे. शरीरात डीडीटीचे रूपांतर डीडीई नावाच्या पदार्थात होते. मादीच्या पोटात अंड्यावर कवच चढत असताना त्यासाठी लागणारे कॅल्शियम तेथपर्यंत पुरेसे पोचू न देणे, हा या पदार्थाचा गुण. मादी धडधाकट दिसते, अंडीही घालते, पण कवच कच्चे राहते.

म्हणूनच ही आपत्ती इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. कड्यावर जोडी दिसत होती, मग काळजी कसली? ती जोडी म्हातारी होत चालली आहे आणि तिच्यामागे कोणी नाही, हे पाहण्यासाठी घरट्यात डोकवावे लागते.

रेचल कार्सन यांनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकातून कीटकनाशकांच्या अतिरेकाविरुद्ध आवाज उठविलाच होता. रॅटक्लिफ आणि इतरांच्या संशोधनाने त्याला भक्कम पुरावा मिळाला. इंग्लंडमध्ये टप्प्याटप्प्याने निर्बंध आले. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली थांबविण्यात आला. रोगनियंत्रणासाठी मात्र तो त्यानंतरही चालू राहिला.

पिंजऱ्यातून आकाशात

विष थांबले, पण जेथे एकही ससाणा उरला नाही तेथे नवा येणार कोठून? या प्रश्नाला उत्तर दिले ते टॉम केड या प्राध्यापकांनी. ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत आणि स्वतः ससाणे पाळण्याच्या विद्येत तरबेज होते. १९७० साली त्यांनी 'पेरेग्रिन फंड' ही संस्था काढली. हा पक्षी बंदिवासात वीण करीत नाही, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. केड यांनी देशभरच्या बाजदारांकडून पक्षी मिळविले आणि १९७३ साली त्यांच्याकडे वीस पिल्ले वाढली. पुढच्याच वर्षापासून पिल्ले मोकळी सोडण्यास सुरुवात झाली.

सोडण्याची रीत बाजदारांचीच, शेकडो वर्षांची जुनी. पंख पुरते फुटण्याआधी पिल्लांना उंच जागी पेटीत ठेवायचे, माणूस दिसू न देता नळीतून किंवा झडपेतून खाऊ टाकायचा, आणि ठरलेल्या दिवशी पेटीचे दार उघडायचे. पिल्ले उडू लागतात, भूक लागली की पेटीपाशी परत येतात, आणि हळूहळू शिकार साधली की येईनाशी होतात. सर्व संस्थांनी मिळून अशी सहा हजारांहून अधिक पिल्ले उत्तर अमेरिकेत सोडली.

येथे एक नवे संकट उभे राहिले. नैसर्गिक कड्यांवर सोडलेल्या पिल्लांना रात्री मोठी शिंगी घुबडे उचलून नेऊ लागली. पूर्वी रक्षणाला आई-बाप असत, आता ते नव्हते. तेव्हा घुबडे जेथे क्वचितच येतात अशा जागी, म्हणजे शहरांतील उंच इमारतींवर, पिल्ले सोडण्याचा विचार पुढे आला. आणि अशी वाढलेली पिल्ले मोठी झाल्यावर घरासाठी तशीच जागा शोधू लागली. बाल्टिमोर शहरात स्कार्लेट असे नाव मिळालेली एक मादी उंच इमारतीच्या कठड्यावर येऊन राहिली, आणि १९८४ साली तिने तेथे स्वतःची पिल्ले वाढविली.

धुराडे हाच कडा

माणसाला कारखाना आणि डोंगर यांत जमीन-अस्मानाचे अंतर वाटते. ससाण्याच्या दृष्टीने पाहा. आपल्यापैकी बहुतेकजण सहलीला गोकाकला गेलेले असतील. तेथे धबधब्याच्या कड्याला लागूनच सूतगिरणी आहे. खालून पाहताना कडा कोठे संपतो आणि गिरणीची भिंत कोठे सुरू होते, हे घटकाभर कळत नाही. ससाण्याचेही तसेच आहे. त्याला उंची हवी, खालून कोणी चढू नये, समोर मोकळे आकाश असावे आणि जवळपास भरपूर पाखरे असावीत. वीजकेंद्राच्या धुराड्यात हे सर्व आहे. ते दीडशे-दोनशे मीटर उंच असते. त्याच्याभोवती दुरुस्तीसाठी लोखंडी सज्जा असतो, त्यावर वर्षातून क्वचितच कोणी जाते. वीजकेंद्राला पाणी लागते म्हणून ते नदीकाठी किंवा तळ्याकाठी बांधलेले असते. आणि कबुतरांना तर आमंत्रण लागतच नाही.

एकच वस्तू तेथे नसते, ती म्हणजे खडी. लोखंडी जाळीवर किंवा सिमेंटच्या कडेवर अंडी घातली तर ती घरंगळतात, पावसाच्या पाण्यात भिजतात. याचा अनुभव कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात फार पूर्वी आला होता. तेथील सन लाइफ इमारतीवर एक जोडी राहात असे, पण तिची अंडी वाया जात. १९४० च्या सुमारास तेथील पक्षिप्रेमींनी कठड्यावर वाळू-खडी भरलेली पेटी ठेवली, आणि पुढे १९५२ पर्यंत त्या जागी पिल्ले वाढत राहिली.

तीच युक्ती अमेरिकेतील वीजकंपन्यांनी उचलली. मिनेसोटा राज्यात ॲलन किंग वीजकेंद्राच्या धुराड्यावर १९८८ च्या सुमारास पेटी बसविण्यात आली आणि लवकरच तेथे जोडीने पिल्ले वाढविली. विस्कॉन्सिन राज्यात ग्रेग सेप्टन यांनी वीजकेंद्रांशी बोलून अशा पेट्या जागोजागी लावल्या. पेटी म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. लाकडी खोकेच ते, तीन बाजू बंद, एक उघडी, वर छप्पर, तळाला पाणी निथळण्यासाठी भोके, आत चार बोटे बारीक गोल खडी, आणि पुढे पिल्लांना पंख फडफडविण्यासाठी छोटा कठडा. आपल्या वर्कशॉपमधील विद्यार्थी अर्ध्या दिवसात ती तयार करतील. अवघड भाग पुढचा आहे. विणीच्या दिवसांत त्या सज्ज्यावर दुरुस्तीचे काम काढायचे नाही, हा नियम कामगारांपासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांनी पाळायचा. ज्या केंद्रांनी तो पाळला, तेथे कामगारच पिल्लांची चौकशी करू लागले.

युरोपातही हेच घडले. जर्मनीतील कोळसा आणि पोलाद यांच्या पट्ट्यात, जेथे नैसर्गिक कडे मुळातच थोडे, ससाण्यांची बहुतेक घरटी धुराड्यांवर व इमारतींवर आहेत. लंडनमधील जुन्या बॅटरसी वीजकेंद्राच्या इमारतीचे नूतनीकरण निघाले, तेव्हा तेथील ससाण्यांच्या जोडीसाठी मुद्दाम उंच मनोरा उभारून त्यावर पेटी देण्यात आली होती.

परिणाम आकड्यांतच पाहावा. अमेरिकेत १९७५ साली केवळ ३२४ जोड्या माहीत होत्या. ऑगस्ट १९९९ मध्ये हा पक्षी तेथील धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आला. ब्रिटनमध्ये २०१४ च्या मोजणीत सुमारे साडेसतराशे जोड्या भरल्या, म्हणजे युद्धापूर्वी होत्या त्याहूनही जास्त.

श्रेय कोणाचे?

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. धुराड्यावर पिल्लांचे छायाचित्र काढले की ते कंपनीच्या अहवालात शोभून दिसते, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की, कारखान्यांनी ससाणा वाचविला. तो समज चुकीचा आहे. धुराड्यावर ससाणा राहतो म्हणून त्यातून निघणारा धूर स्वच्छ ठरत नाही. ससाणा खडी पाहतो, धूर मोजत नाही. पेटी हे शेवटचे पाऊल होते. डीडीटी चालू असताना जगातील प्रत्येक धुराड्यावर पेटी बसविली असती, तरी त्या पेट्यांत फुटकी अंडीच सापडली असती. आधी कारण शोधले, मग विष थांबविले, मग पिल्ले वाढविली, आणि मग जागा दिली. या क्रमाला महत्त्व आहे.

आपल्या देशात गिधाडांच्या बाबतीत हाच धडा फार महागात मिळाला. १९९० नंतरच्या काही वर्षांत आपली गिधाडे इतक्या झपाट्याने मेली की, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांत एखादेच उरले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली हे कारण प्रसिद्ध झाले आणि २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास होते, ते कामही मोलाचे आहे. पण त्या पिल्लांचे भवितव्य पिंजऱ्यावर अवलंबून नाही, गोठ्यातील सुईवर अवलंबून आहे.

सिल्वासात काय करता येईल?

आमच्या येथे धुराड्यावर ससाण्याने घर केले, असा माझा दावा नाही. आमचा पाहुणा हिवाळी. तो येथे पिल्ले वाढविणार नाही. शाहीनची गोष्ट वेगळी. त्याचे हक्काचे कडे आमच्या पूर्वेला सह्याद्रीत आहेत, आणि उंच इमारतींवर व दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरही त्याची घरटी आढळल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा उद्या एखादी जोडी आमच्या एखाद्या टाकीवर आली, तर काय करावे हे आज माहीत असलेले बरे. घाबरून हुसकावू नये, जवळ जाऊन छायाचित्रे काढू नयेत, वन खात्याला कळवावे आणि त्या कठड्यावरील काम दोन-तीन महिने पुढे ढकलावे.

पण आमच्यापुढचा तातडीचा प्रश्न होता विषारी दाण्यांचा. चार दिवसांनी बैठक पुन्हा बसली तेव्हा मी एवढेच सांगितले: विष खाल्लेले कबुतर लगेच मरत नाही. ते सुस्तावते, कळपातून मागे पडते. ससाणा नेमके असेच कबुतर उचलतो, कारण ते पकडणे सोपे असते. म्हणजे पहिला बळी कबुतराचा आणि दुसरा टाकीवरच्या त्या पक्ष्याचा. आणि तो पक्षी आपल्या गावचा नाही. येथे आपण चार मुठी दाणे टाकू, आणि हजारो किलोमीटरवर सैबेरियात एक कडा पुढच्या उन्हाळ्यात रिकामा राहील. तेथल्या कोणालाही त्याचे कारण कधी कळणार नाही.

बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या देखभाल विभागातील एक वयस्कर फिटर म्हणाले, "कबुतरं दाण्यासाठी येत नाहीत साहेब. पत्र्याखाली फटी आहेत, तिथं घर करायला येतात. फटी बुजवा." सर्वजण विषाचा विचार करीत असताना कबुतर गोदामात येते कशासाठी, हा प्रश्न त्या एका माणसाने विचारला होता. रॅटक्लिफनेही याहून वेगळे काय केले? फटींना तारेची जाळी ठोकली, झरोक्यांना जाळे लावले, आवारात दाणे टाकण्याची काहींची सवय मोडली. खर्च विषापेक्षा जास्त आला आणि वेळही दोन महिने लागला. कबुतरे पूर्ण गेली नाहीत, पण गोदामातून गेली. माल परत येणे थांबले.

मार्चच्या अखेरीस टाकीचा कठडा रिकामा झाला. पहारेकरी म्हणाला, "गेलं वाटतं आपलं पाखरू." 'आपलं' हा शब्द ऐकून मला बरे वाटले. पुढच्या कार्तिकात ते परत येईल किंवा येणारही नाही. वाटेत किती देश आहेत, आणि प्रत्येक देशात कोणी ना कोणी दाणे टाकणारा आहे. आपल्या हातात आपल्यापुरते आवार असते. ते आम्ही यंदा सांभाळले, एवढेच.

आपल्या महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या मुलांना, मग ती मराठी विभागात लिहिणारी असोत वा कन्नड, एक विनंती करून लेख संपवितो. पुढे आपल्यापैकी पुष्कळजण कारखान्यांत, प्रयोगशाळांत, शेतीखात्यात जातील. कधीतरी टेबलावर एखादा सोपा, स्वस्त आणि चार दिवसांत निकाल देणारा उपाय येईल. त्या वेळी सही करण्याआधी चार दिवस मागून घ्या, आणि बाहेर जाऊन एकदा वर पाहा.